बोगनवेल : रिओच्या किनाऱ्यापासून नोएडाच्या गच्चीपर्यंत

मराठीने जे परकीय शब्द आपलेसे केले, त्यांत ‘बोगनवेल’ हा फार देखणा शब्द आहे. मूळ नाव बोगनविलिया. त्याचा शेवट मराठी कानाला ‘वेल’ असा ऐकू आला आणि एका फ्रेंच दर्यावर्दीचे आडनाव आपल्या अंगणातील वेलीचे घरगुती नाव होऊन बसले. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून नोएडात येणाऱ्याला रस्त्याच्या दुभाजकावर, सोसायटीच्या कुंपणावर, गच्चीवरील कुंडीत ही ओळखीची वेल लगेच भेटते. मात्र या वेलीचे माहेर ब्राझीलचे उष्ण अरण्य आहे आणि दव गोठवणारी थंडी तिला सोसत नाही. मग उत्तर भारताच्या मैदानात ती इतकी कशी रुजली? या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्रात जितके आहे, तितकेच इतिहासातही आहे.

१७६६ साली लुई आंत्वान द बोगनविल पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. मोहिमेच्या दुसऱ्या जहाजावर, ‘एत्वाल’वर, फिलिबेर कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याच्यासोबत एक कष्टाळू मदतनीस होता. पुरुषवेषातील तो मदतनीस म्हणजे झान बारे नावाची स्त्री होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मज्जाव होता, म्हणून हे वेषांतर. १७६७ साली रिओ द जानेरो येथे या चमूने बोगनवेलीचे नमुने गोळा केले. कॉमर्सनच्या पायाला जुने दुखणे होते. डोंगर चढणे, वनस्पती दाबण्याच्या फळ्या वाहणे, शिधा उचलणे ही कामे बारेच करी. त्यामुळे ही वेल प्रथम तिच्याच हाती लागली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते.

वेलीला नाव मिळाले ते मोहिमेच्या प्रमुखाचे. कॉमर्सन १७७३ मध्ये मॉरिशस बेटावर वारला. त्याने सुचवलेले प्रजातीचे नाव आंत्वान लोराँ द झ्युसिए याने १७८९ साली ग्रंथात छापले, तेही आजच्यापेक्षा वेगळ्या वर्णलेखनात. बारे पुढे फ्रान्सला परतली. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिची नोंद आहे. कॉमर्सनने एका वनस्पतीला तिचे नाव देऊ केले होते, पण ते टिकले नाही. अखेर २०१२ साली दक्षिण अमेरिकेतील, बटाट्या-वांग्याच्या प्रजातीतील एका वन्य जातीला तिचे नाव मिळाले. मधे जवळजवळ अडीचशे वर्षे गेली. नाव कोणाचे लागते आणि कोणाचे राहून जाते, हा प्रश्न या वेलीला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

आता वेलीकडे पाहू. आपण ज्याला फूल म्हणतो ते बोगनवेलीचे फूल नव्हे. ती रंगीत पाने आहेत, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सहपत्रे. तीन सहपत्रांच्या कुशीत तीन बारीक नळीसारखी, पांढुरकी फुले असतात. गुलबक्षी आणि पुनर्नवा ही तिची भावंडे, एकाच कुळातली. तिचा रंगही वेगळ्या जातकुळीचा आहे. जास्वंद किंवा जांभूळ यांना रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये तिच्यात नसतात. तिच्यात असतात बीटालेन द्रव्ये, म्हणजे बीट कापल्यावर हाताला लागतो तो रंग. ही दोन रंगकुळे एकाच वनस्पतीत एकत्र सापडत नाहीत.

भारतात ही वेल १८६० च्या सुमारास युरोपमार्गे कोलकात्याला आली, असे मानले जाते. पुढे १९१० साली कोलंबियातील कार्ताहेना येथून एक किरमिजी वेल त्रिनिदादला नेण्यात आली. तिला ‘मिसेस बट’ हे नाव मिळाले आणि ती जगभर पसरली. आज बागांत दिसणाऱ्या अनेक वाणांत तिचा अंश आहे. परंतु यांपैकी बऱ्याच वाणांना बी धरत नाही. त्यांच्या गुणसूत्रांची जुळणी नीट होत नसल्याने परागकण वांझ निघतात. म्हणजे ही वेल वाऱ्याने पसरली नाही, पाखरांनीही पसरवली नाही. ती फांदीच्या तुकड्यांतून, माणसाच्या हातून हातात गेली. एखाद्या जुन्या वाणाची आजची कुंडी ही त्या पहिल्या झाडाचीच जिवंत फांदी आहे.

भारतीय संशोधकांनी येथे मोठे काम केले. १९३४ च्या भूकंपात बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेची वास्तू कोसळली आणि १९३६ साली संस्था दिल्लीला आली. सोबत ‘पुसा’ हे नावही आले. गव्हाच्या तांबेरारोधक वाणांसाठी ख्यातनाम असलेले डॉ. बेंजामिन पिअरी पाल येथे संचालक होते. गुलाब आणि बोगनवेल हे त्यांचे लाडके विषय. विष्णु स्वरूप यांच्यासह त्यांनी बोगनवेलीवर लिहिलेला ग्रंथ १९७४ साली प्रकाशित झाला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात त्रिलोकीनाथ खुशू आणि सहकाऱ्यांनी कॉल्चिसिन वापरून वांझ वाणांची गुणसूत्रे दुप्पट केली आणि त्यांची जननक्षमता परत मिळवली. ‘बेगम सिकंदर’ आणि ‘वाजिद अली शाह’ हे वाण लखनौचेच. कधी निसर्गानेही साथ दिली. कोलकात्यात एका वेलीवर उत्परिवर्तनाने निराळी फांदी फुटली. तिच्यावर पांढरी आणि किरमिजी सहपत्रे एकत्र येत. ‘मेरी पामर’ हा प्रसिद्ध वाण म्हणजे तीच फांदी.

आणि १९६६ साली एक महत्त्वाची जबाबदारी दिल्लीकडे आली. बोगनवेलीच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी करण्याचा अधिकार पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेला मिळाला. एकच वाण दोन नावांनी विकला जाऊ नये, दोन वाणांना एकच नाव पडू नये, यासाठी ही व्यवस्था. यमुनेच्या पश्चिमेला जगभरच्या बोगनवेलींच्या नावांचे दप्तर, आणि नदीच्या पूर्वेला १९७६ साली वसवण्यास आरंभ झालेले नोएडा.

नोएडाचे अक्षांश सुमारे साडेअठ्ठावीस. समुद्र दूर, म्हणून उन्हाळा प्रखर आणि हिवाळा बोचरा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की मराठी वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. दिल्लीच्या परिसरातही तसे प्रसंग घडतात. सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी तापमान उणे ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. ८ जानेवारी २००६ रोजी ते ०.२ अंशांवर होते आणि १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंशांवर. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन व पाने आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतात. म्हणून हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही उघड्या पानावर हिमकण धरू शकतात. पेशींच्या बाहेरचे पाणी आधी गोठते, ते पेशींतील पाणी ओढून घेते आणि कोवळा शेंडा सकाळी काळा पडतो.

यावरचे उपाय याच भौतिकीतून निघतात. कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीलगत ठेवावी, कारण भिंत दिवसाची उष्णता रात्री परत देते. थंडीच्या रात्री वरून पातळ कापड टाकावे, म्हणजे उत्सर्जन अडते. ऑक्टोबरनंतर नत्रयुक्त खत देऊ नये, कारण त्याने फुटणारी कोवळी पालवीच प्रथम बळी पडते. हिवाळ्यात पाणी बेताचेच द्यावे. शेंडे करपले तरी लगेच छाटू नयेत. ते आतल्या कळ्यांना आडोसा देतात. फेब्रुवारीत थंडी ओसरली की छाटणी करावी. जुन्या, पक्व फांदीचे मूळ जमिनीत शाबूत असेल तर वेल पुन्हा फुटते.

उरलेले वर्ष मात्र हे हवामान तिच्या पथ्यावर पडते. लांब रात्री, भरपूर ऊन आणि मुळांना किंचित तहान, एवढ्यावर बोगनवेल बहरते. लाडाने रोज पाणी घातलेली वेल नुसती पाने वाढवते. मैदानातला कोरडेपणा, जो अनेक फुलझाडांना मारक ठरतो, तोच हिला रंग देतो. थंडीच्या मोजक्या रात्री निभावल्या की बाकीचे काम ऊन करते.

धोका असलाच तर तो दुसऱ्याच बाजूने आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवर आता बहुधा केवळ ‘लाल’, ‘गुलाबी’, ‘पांढरी’ एवढीच ओळख असते. बी न धरणाऱ्या वाणाची फांदी कोणी लावली नाही, तर तो वाण संपतो. फांदी जगली पण नाव हरवले, तर तो कोणी, कोठे, कशातून निर्माण केला हा इतिहास संपतो. झान बारेच्या बाबतीत जे घडले, ते मग वेलींच्या बाबतीतही घडते.

म्हणून वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक साधे काम करून पाहावे. आपल्या सोसायटीतील, महाविद्यालयातील बोगनवेलींची सहपत्रे, पानांचे चट्टे, काट्यांची वाकण आणि बहराचे महिने लिहून ठेवावेत. वाणाचे नाव खात्रीने कळले तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून खोडाला सैल बांधावे आणि त्याच वाणाची एक फांदी दुसऱ्या कोणाच्या तरी कुंडीत लावावी. दोन ठिकाणी वाढणारे झाड एका थंड रात्रीत नाहीसे होत नाही.