दूधकेंद्रापासून मतदानयंत्रापर्यंत : सुधाकर नाडकर्णी आणि डिझाइनचे शिक्षण

१/
तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव भाविकांना दक्षिण काशी म्हणून परिचित आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते १९५५ च्या उत्खननामुळे परिचित आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी येथील पांढरीच्या टेकाडात खणले, तेव्हा खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती उघडी पडली. माळवा आणि जोर्वे परंपरेची रंगवलेली मातीची भांडी तेथे मिळाली.

२/
जोर्वे परंपरेतील तोटीचे भांडे पाहावे. तांबूस अंगावर काळ्या रेषा आणि बाजूला तोटी. तोटी किती उंचीवर बसवली म्हणजे पाणी सांडणार नाही, कड किती बाहेर वळवली म्हणजे हाताला पकड मिळेल, हे कुणीतरी ठरवले होते. खापर संग्रहालयापर्यंत पोहोचते. ते ठरवणाऱ्याचे नाव पोहोचत नाही.

३/
हे ठरवण्याचे काम विसाव्या शतकात स्वतंत्र व्यवसाय बनले. कुंभार आपल्या गिऱ्हाइकाला ओळखत असे. कारखाना आल्यावर बनवणारा आणि वापरणारा यांची गाठ पडेनाशी झाली, आणि वापरणाऱ्याच्या वतीने विचार करणारा माणूस लागू लागला. तोच प्रॉडक्ट डिझायनर. भारतात असा माणूस घडवायचा कोठे आणि कसा, या प्रश्नाचे एक उत्तर सुधाकर नाडकर्णी यांच्या कारकिर्दीत सापडते.

४/
नाडकर्णी यांचे आरंभीचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेने चित्रकार, शिल्पकार आणि जाहिरात क्षेत्रातील कलावंतांच्या पिढ्या घडवल्या. मात्र पंखा, कंदील, शिवणयंत्र अशा कारखान्यात निघणाऱ्या वस्तूंचा शास्त्रशुद्ध विचार शिकवणारी संस्था स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशात नव्हती.

५/
ही उणीव शासनालाही जाणवत होती. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली आपला अहवाल सादर केला. त्यात त्यांनी साध्या लोट्याचे मनापासून कौतुक केले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून घडलेली ती वस्तू त्यांना आदर्श वाटली. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

६/
१९६०च्या दशकात नाडकर्णी जर्मनीतील उल्म येथील डिझाइन महाविद्यालयात दाखल झाले. या संस्थेचा जन्म एका शोकांतिकेशी जोडलेला आहे. नाझी राजवटीविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल फेब्रुवारी १९४३ मध्ये हान्स आणि सोफी शोल या भावाबहिणीला मृत्युदंड देण्यात आला. त्यांची थोरली बहीण इंगे शोल हिने ओटल आयशर आणि माक्स बिल यांच्यासह १९५३ साली ही संस्था स्थापन केली.

७/
उद्ध्वस्त झालेला समाज लोकशाही पायावर पुन्हा उभारायचा, तर रोजच्या वापरातील वस्तूही त्या विचाराने घडल्या पाहिजेत, अशी उल्मची धारणा होती. म्हणून तेथे चित्रकलेच्या बरोबरीने, पुढे तर तिच्याही आधी, गणित, समाजशास्त्र, चिन्हविचार आणि मानवी शरीराच्या हालचालींचा अभ्यास आला. वस्तू सुंदर दिसते का, हा प्रश्न मागे पडला. ती कोण वापरणार, कोठे वापरणार, मोडली तर दुरुस्त कोण करणार, हे प्रश्न पुढे आले.

८/
उल्ममधील अंतिम प्रकल्पासाठी नाडकर्णी यांनी निवडलेला विषय म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. ब्राऊन कंपनीच्या नामांकित रेडिओंशी उल्मच्या अध्यापकांचे नाते होते. अशा वातावरणात राहून या मराठी विद्यार्थ्याने मुंबईच्या रस्त्यावरील दूधकेंद्राचा प्रश्न हाती घेतला.

९/
या विषयाचे वजन समजण्यासाठी त्या काळची मुंबई आठवावी लागते. १९४९ साली गोरेगावजवळ आरे दूध वसाहत स्थापन झाली. शहरातील दाटीवाटीच्या गोठ्यांतून जनावरे बाहेर काढून स्वच्छ दूध नियमित पुरवण्याची ती सरकारी योजना होती. पहाटेची रांग, काचेच्या बाटल्या आणि रिकाम्या बाटल्यांची परतफेड हा मध्यमवर्गीय मुंबईचा दिनक्रम झाला.

१०/
दूधकेंद्र दिसायला टपरीएवढे असते. त्याच्या रचनेत मात्र अनेक अडचणी एकत्र येतात. बाटल्यांचे क्रेट कोठून आत यायचे, रिकाम्या बाटल्या कोठे साठवायच्या, पावसात रांग कोठे उभी राहायची, उंबऱ्याएवढ्या जागेत विक्रेत्याचा हात कोठवर पोहोचायचा. सार्वजनिक सेवा चांगली चालते की नाही, हे अशा लहान निर्णयांवर ठरते. नाडकर्णी यांच्या पुढील सर्व कामाचे सूत्र या निवडीत दिसते.

११/
राजकीय आणि आर्थिक वादांत सापडून उल्मची संस्था १९६८ साली बंद झाली. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, पवईच्या आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. ते आयडीसी या नावाने ओळखले जाते. त्याच्या उभारणीची धुरा नाडकर्णी यांच्याकडे आली. जर्मनीत ज्या विचाराचे घर मोडले, त्याला पवईच्या तलावाकाठी वेगळ्या रूपात आसरा मिळाला.

१२/
ही जागा अर्थपूर्ण होती. डिझाइनचे शिक्षण कला महाविद्यालयात दिले असते, तर ते सजावटीचे शास्त्र ठरण्याचा धोका होता. आयआयटीत ते यंत्रशाळा, धातुशास्त्र आणि विद्युत अभियांत्रिकीच्या शेजारी आले. अभियंते आणि वास्तुविशारद येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी येऊ लागले. आकडेमोडीत तरबेज असलेल्या या विद्यार्थ्यांना पेन्सिलीने पाहायला शिकवणे, हे अध्यापकांपुढचे काम होते.

१३/
अडचण दुसरीकडे होती. परवाना पद्धतीच्या अर्थव्यवस्थेत ग्राहकाला निवड नव्हती, त्यामुळे उत्पादकाला वस्तू सुधारण्याची निकड नव्हती. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसेडर मोटार १९५८ पासून २०१४ पर्यंत थोड्याफार बदलांनी निघत राहिली, हे त्याचे ठळक उदाहरण. डिझायनर तयार होत होते, पण त्यांना बोलावणारे कारखाने थोडे होते.

१४/
अशा परिस्थितीत सार्वजनिक कामांना महत्त्व आले. जानेवारी १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना आणि डिझायनरांची आंतरराष्ट्रीय परिषद यांच्या पुढाकाराने विकसनशील देशांतील डिझाइनवर विचारमंथन झाले आणि अहमदाबाद जाहीरनामा प्रसिद्ध झाला. डिझाइन हे विकासाचे साधन मानावे, असा त्याचा आशय होता. आयडीसीचे सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचलेले काम याच वाटेवरचे आहे.

१५/
ते काम म्हणजे इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राचे बाह्य रूप. १९८२ साली केरळमधील परवूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर पहिले यंत्र वापरले गेले. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वापर अमान्य केला. डिसेंबर १९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला. त्या सुमारास यंत्राच्या नव्या रूपावर आयडीसीचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी काम केले.

१६/
हे यंत्र नाडकर्णी यांनी घडवलेले नाही, हे स्पष्ट असावे. मात्र दूधकेंद्रामागचे प्रश्न येथे पुन्हा भेटतात. मतदाराला अक्षरओळख नसेल, म्हणून नावाशेजारी चिन्ह आणि चिन्हासमोरच निळे बटण. मत नोंदले गेले हे कळावे, म्हणून दिवा आणि आवाज. एका पेटीवर १६ नावे. अधिकाऱ्याजवळचा भाग आणि मतदाराजवळचा भाग वेगळे, मध्ये पाच मीटरची तार. वीज नसेल तेथे बॅटरी.

१७/
२००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत हे यंत्र वापरले गेले. प्रकाशापासून उत्तरेकडे सातपुडा चढत गेले की धडगाव आणि अक्कलकुव्याचे पाडे लागतात. तेथील पावरा आणि भिल मतदारांनीही तेच बटण दाबले, जे दिल्लीतील मतदारांनी दाबले. वापरण्यासाठी शिक्षणाची अट न घालणारी वस्तू घडवणे किती अवघड असते, याची कल्पना त्या बटणाकडे पाहून सहसा येत नाही.

१८/
याच संस्थेत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पुढे संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडवला. विंडोजमुळे तो लक्षावधी पडद्यांवर पोहोचला. कार्यालयीन मराठीचा मोठा भाग वर्षानुवर्षे याच अक्षरांत लिहिला गेला आहे. वाचणाऱ्यांपैकी किती जणांना जोशी यांचे नाव ठाऊक असते?

१९/
पवईनंतर नाडकर्णी यांनी दुसरी संस्था घडवली. १९९८ साली आयआयटी गुवाहाटीत डिझाइन विभाग सुरू झाला आणि आयआयटीमध्ये प्रथमच बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम या विषयात उपलब्ध झाला. त्यानंतर मुंबईच्या वेलिंगकर व्यवस्थापन संस्थेत त्यांनी डिझाइन आणि व्यवसाय यांची सांगड घालणाऱ्या अभ्यासक्रमाला दिशा दिली.

२०/
या दोन्ही आयआयटींना जोडणारा एक दुवा प्रत्येकाच्या खिशात आहे. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने रुपयाचे चिन्ह स्वीकारले. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ घालणारे हे चिन्ह डी. उदय कुमार यांचे. ते आयडीसीचे संशोधक विद्यार्थी होते आणि पुढे गुवाहाटीच्या डिझाइन विभागात अध्यापक झाले.

२१/
शिक्षकाची कारकीर्द मोजण्यात इतिहासाची अडचण होते. इमारतीवर कोनशिला असते, पुस्तकावर लेखकाचे नाव असते. चांगल्या वस्तूवर मात्र घडवणाऱ्याची खूण उरत नाही, आणि त्या घडवणाऱ्याला शिकवणारा तर आणखी एक पाऊल मागे असतो. नाडकर्णी यांच्या कामाचा शोध म्हणूनच संग्रहालयातील कपाटात पूर्ण होत नाही. तो अभ्यासक्रमांत, विद्यार्थ्यांत आणि त्यांनी स्वतःला विचारलेल्या प्रश्नांत घ्यावा लागतो.

२२/
थापर यांच्या पिढीने खापरांच्या आकारावरून नावे नसलेल्या माणसांच्या सवयी, अन्न आणि व्यापार ओळखायला शिकवले. तीच दृष्टी आपल्या काळातील वस्तूंकडे वळवता येते. मतदानयंत्र, दूधकेंद्र, रुपयाचे चिन्ह ही विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील भारताची खापरेच आहेत. फरक इतकाच, की यांच्या कर्त्यांची नावे नोंदवून ठेवण्याची संधी अजून हातात आहे.