वेडाच्या शिक्क्याआड राहिलेली चिंता

कोल्हापूरच्या इतिहासात मनाच्या आजाराची सर्वांत गाजलेली हकीकत राजघराण्यातली आहे. दुसरे राजाराम महाराज 1870 मध्ये फ्लॉरेन्स येथे निवर्तले आणि पुढच्या वर्षी चौथे शिवाजी महाराज बालवयात दत्तक आले. काही वर्षांतच त्यांना वेडसर ठरवून इंग्रजांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. महाराजांचा छळ होत असल्याचे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी छापले, तेव्हा दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आधाराची पत्रे बनावट निघाल्याने 1882 मध्ये या वृत्तपत्रांचे संपादक टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. पुढे 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगर येथे ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. एकदा वेडा ठरलेल्या माणसाचे घर, अधिकार आणि शब्दाची किंमत एकदमच जाते, हे त्या काळी साऱ्या संस्थानाने पाहिले.

इंग्रजी अमलातील व्यवस्थाही याच शिक्क्यावर उभी होती. आंबा घाटापलीकडे रत्नागिरीला 1886 मध्ये मनोरुग्णालय निघाले. 1912 च्या मनोरुग्णांविषयीच्या कायद्याचा मुख्य भर ताब्याबाहेर गेलेल्या रुग्णाला दाखल करून घेण्यावर होता. पण शेत, दुकान, संसार सांभाळूनही ज्याची छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता जीव जाणार असे वाटते, तो माणूस या चौकटीत कुठेच बसत नव्हता. त्याच्यासाठी देवर्षी होता, उतारा होता, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नरसोबाची वाडी होती. तिथे मिळणारा धीर खोटा म्हणता येत नाही. मात्र आजार वर्षानुवर्षे तसाच राहिला. ‘बाहेरची बाधा’ काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा 2013 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे.

वैद्यकालाही चिंतेचा हा आजार ओळखायला वेळ लागला. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची धडधड डा कोस्टा यांनी 1871 मध्ये हृदयाची तक्रार म्हणून नोंदवली. फ्रॉइड यांनी 1895 मध्ये चिंतेचा विकार वेगळा काढला. पॅनिक डिसऑर्डर (अचानक येणारे भीतीचे झटके) आणि सततची चिंता ही स्वतंत्र निदाने अमेरिकन वर्गीकरणात 1980 मध्ये आली. भारतात 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात, म्हणजे गावातल्याच सरकारी दवाखान्यात, मानसोपचार मिळतो.

साधी काळजी आणि आजार यांतला फरक पंचगंगेकाठी सहज समजतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आले की 2019 व 2021 चे महापूर पाहिलेल्या माणसाची झोप उडणारच. ती काळजी त्याला वेळेवर सामान हलवायला लावते. पाणी ओसरून महिने लोटले, तरी ढग दिसताच जीव घाबरणे, घर सोडवत नाही म्हणून कामाला न जाणे, चिडचिड, अंग आखडणे हे चालूच राहिले, तर तो आजार समजावा. अनेक विषयांची न आवरणारी चिंता सहा महिने टिकली, झटक्यांच्या भीतीने एस.टी. किंवा बाजार टाळावासा वाटू लागला, झोपेसाठी दारूचा आधार घ्यावा लागला, तर डॉक्टरकडे जाण्यास उशीर करू नये.

छातीत प्रथमच दुखले तर मात्र हृदयाची तपासणी आधी; थायरॉईडही पाहावे लागते. अहवाल पुन्हा पुन्हा चांगले येऊनही त्रास थांबत नसेल, तर पुढची पायरी मानसोपचारतज्ज्ञाची. भीतीला थोडे थोडे सामोरे जायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धत आणि औषधे, दोन्हींचा उपयोग होतो. नैराश्यावरचीच काही औषधे इथे दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करू नयेत. बहुतेकांना दाखल व्हावे लागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांचा हक्क, गोपनीयता आणि आपल्या उपचारांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार रुग्णाला दिला आहे. जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.