बराकीतली हवा आणि आपला वर्ग

आपल्या दहावीच्या वर्गात छताजवळ सिमेंटच्या जाळीचे झरोके होते, आठवतं? त्यातून चिमण्या आत यायच्या आणि बाईंचा भूगोल थांबायचा. ते झरोके कशासाठी असतात, हे मला इंजिनिअर होऊनही कळलं नव्हतं. कळलं ते लष्करी बराकींचा इतिहास वाचताना.

१८५९ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं. १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत होते. तेही बहुतेक लढाईत नव्हे, तर ताप, हगवण आणि पटकीने. घाण पाणी, तुंबलेली गटारं आणि दाटीवाटीच्या कोंदट बराकी यांच्यावर अहवालाने बोट ठेवलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांतून आलेल्या माहितीवरून त्यांनी यावर सविस्तर लिहिलं.

दूषित हवेनेच सगळे रोग होतात, अशी तेव्हा समजूत होती. पटकी पाण्यातून पसरते, म्हणजे कारण अर्धं चुकलेलंच होतं. पण मोकळ्या हवेचा उपाय क्षयासारख्या रोगांना लागू पडणारा होता.

इंग्लंडात अडचण उलटी. थंडीमुळे सैनिक हवेची भोकं बोळे कोंबून बुजवत. कॅप्टन डग्लस गाल्टन यांनी त्यावर खास शेगडी काढली. बाहेरची ताजी हवा शेगडीमागच्या पोकळीत तापून खोलीत यायची आणि धूर धुराड्यातून जायचा. आपल्याकडे उपाय होते उंच छप्पर, व्हरांडा आणि वरच्या बाजूची भोकं. तापलेली हवा वरून बाहेर जाते आणि तिच्या जागी खालून नवी येते.

अशा छावण्या पाहायला लांब जायला नको. कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथल्या पत्त्यांत आजही बराक नंबर असतो.

हे सगळं आज का लिहिते आहे? आपल्या ग्रुपवर शाळेला एसी भेट द्यायचं चाललंय, आणि पहिला अंगठा मीच दाखवला होता. पण एसी बसवायचा तर झरोके बुजवावे लागतील. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच थंड करून फिरवतो. बंद वर्गात पन्नास मुलं बसली की त्यांच्याच उच्छ्वासाने हवा जड होते, पेंग येते, आणि एकाचा खोकला सगळ्यांचा होतो.

म्हणून माझा अंगठा मी मागे घेते आहे. आधी चांगले पंखे आणि झरोक्यांत एक्झॉस्ट बसवू. एसी हवाच असेल, तर ताजी हवा आत घेण्याची सोयही त्याच खर्चात धरू. स्नेहसंमेलनाच्या दिवशी जेवणाआधी दहा मिनिटं आपल्या जुन्या वर्गात बसू या, दारं-खिडक्या लावून. मग सर-बाईंना विचारू आणि ठरवू.