जव्हारची सीमा : बैलाच्या कातड्यापासून पालघर जिल्ह्यापर्यंत

जव्हार-मोखाडा ही नावे आज जोडीनेच उच्चारली जातात. शंभर वर्षांपूर्वी मात्र या दोहोंमध्ये राज्याची सीमा होती. जव्हारवर मुकणे घराण्याची सत्ता होती, तर मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता.

जव्हारच्या राज्याचा आरंभच सीमेच्या एका दंतकथेने होतो. जयबा मुकणे या कोळी सरदाराने वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. होकार मिळताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी अवघा गड वेढला! वारली प्रमुखाला गंभीरगडाकडचा मुलूख मिळाला, असे सांगतात. कार्थेजची राणी डायडो हिच्याविषयीही अशीच कथा आहे. त्यामुळे तिला इतिहास मानता येत नाही. परंतु ही भूमी आधी वारल्यांची होती, एवढे ती विसरू देत नाही.

जयबाचा पुत्र नेमशाह याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. त्याच्याकडे बावीस किल्ले होते, असे परंपरा सांगते. पुढे हा विस्तार टिकला नाही. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकले. अठराव्या शतकात पेशव्यांनी उरलेल्या राज्याचाही मोठा भाग घेतला. इंग्रजी अमदानीत उरले ते अवघे ३१० चौरस मैल, तेही ठाणे जिल्ह्याच्या पोटात, दोन असमान तुकड्यांत.

१९४८ मध्ये, यशवंतराव मुकणे यांच्या काळात, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्याचा तालुका झाला आणि जव्हार-मोखाड्यामधली जुनी सीमा केवळ तालुक्यांची उरली. १९९९ मध्ये विक्रमगड हा वेगळा तालुका निघाला.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातील छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालय जव्हारला व्हावे, अशी डोंगरपट्ट्यातील मागणी होती, आणि ती केवळ जुन्या राजधानीच्या अभिमानापोटी नव्हती. १९९२ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी शासन या पाड्यांपासून किती दूर आहे हे दाखवून दिले होते. मान मिळाला तो किनाऱ्याकडील, रेल्वेमार्गावरच्या पालघरला. मोखाड्याच्या पूर्वेकडील गावांना आजही जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा नाशिक जिल्ह्यातले त्र्यंबकेश्वर जवळ पडते.