क्राऊन-पिनियनचे दात अन् जुन्या पिकअपची वंशावळ

मंडळी, एरवी मी करपा, ठिबक अन् कांदेबागेचं पाणी यावर लिहितो. आज गाडीवर लिहितोय. महिनाभरात पाच-सहा जणांनी एकच विचारलं : जुन्या पिकअपचा अमुक पार्ट कुठंच भेटत नाही, काय करावं? उत्तर दोन ओळीत देता येतं. पण पार्ट का भेटत नाही हे समजलं तर कुठं शोधायचा हे आपोआप कळतं, म्हणून जरा लांबून सुरू करतो.

बैलगाडीचा आख मोडला तर आपल्या आजोबांना कुठं जावं लागत नव्हतं. बाभूळ बांधावर, सुतार गावात. चाकाची धाव सैल झाली की गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चाकावर चढवायची अन् पाणी ओतायचं. लोखंड आवळून बसायचं. तुंबा, आरे, पाटे, सगळं त्या एका गाडीच्या मापाचं. दुसऱ्याच्या गाडीचा आरा आपल्याला चालायचा नाही अन् चालायची गरजही नव्हती. मग रबरी टायरची डनलॉप गाडी आली. बैल तेच, पण चाकात बेअरिंग. बेअरिंगला नंबर आला, अन् तो नंबर गावात बनत नव्हता. माझ्या हिशोबानं ‘पार्ट भेटत नाही’ ही तक्रार खेड्यात तिथून सुरू झाली.

मोटारीचं त्याहून अवघड होतं. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, त्यापाठोपाठ फोर्डही मुंबईत आली. जोडायचा म्हणजे खोकी बाहेरून यायची अन् इथं नटबोल्ट आवळायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं की इथं पार्ट बनवायचा कार्यक्रम दाखवा, नाहीतर नुसती जोडणी बंद करा. १९५४ पर्यंत दोघीही निघून गेल्या. ज्यांच्याकडं त्यांच्या गाड्या होत्या त्यांचं पुढं काय झालं असेल, ते जुनी गाडी वापरणाऱ्याला सांगावं लागत नाही.

याच काळात जीप आली. महिंद्र बंधू अन् मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री अन् पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं कंपनीच्या नावातलं ‘एम’ तसंच ठेवून ‘महिंद्र अँड महिंद्र’ केलं गेलं. चाळीसच्या दशकाच्या शेवटाला मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली. सुरुवात त्यांचीही खोक्यांनीच. फरक एवढा की ते इथं पार्ट बनवायच्या मागं लागले. अमेरिकेत विलीज कंपनी १९५३ मध्ये कायझरनं घेतली, १९७० मध्ये ती एएमसीकडं गेली, १९८७ मध्ये क्रायस्लरकडं. तिकडं मालक बदलत गेले, मॉडेलं बदलत गेली. इकडं तीच उंच बोनटची सीजे-३बी पुढं कित्येक वर्षं निघत राहिली. गाडी जुनाट म्हणून शहरवाले हसले असतील. पण एकच माप इतकी वर्षं चाललं म्हणून छोट्या कारखानदारांनी त्या मापाचे पार्ट पाडले, अन् तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचवले.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या कामाची आहे. युद्ध संपताच विलीजनं १९४५ मध्ये नागरी जीप काढली, सीजे-२ए. ती विकली कोणाला? शेतकऱ्याला. मागं ओढायचा दांडा, पीटीओची सोय, नांगर ओढताना दाखवलेल्या जाहिराती. लष्करी जीपच्या डिफरन्शियलमध्ये क्राऊनला ३९ दात अन् पिनियनला ८, म्हणजे ४.८८ चं प्रमाण. शेतीच्या जीपला त्यांनी ४३ अन् ८ दिले, म्हणजे ५.३८. वेग कमी, ओढ जास्त. चार दातांनी युद्धाची गाडी शेताची झाली.

दुसरं नातं ट्रॅक्टरचं. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर अन् व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली अन् बी-२७५ आणला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रत विलीन झाली. बी-२७५ चं डिझेल इंजिन म्हणजे चार सिलिंडर, बोअर सव्वातीन इंचाच्या जरा वर, स्ट्रोक चार इंच, साधारण २३५० सीसी. तेच घराणं जीपमध्ये आलं. पुढं बोलेरोमुळं सगळ्यांना माहीत झालेलं २५२३ सीसीचं डीआय इंजिन घ्या : बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. इंचात मांडा, साडेतीन बाय चार. चार इंचाचा स्ट्रोक तिथंही तसाच. म्हणून ट्रॅक्टर खोलणाऱ्या आपल्या फिटरचा हात या इंजिनात सहज चालतो. (पार्ट मात्र डोळे झाकून एकाचा दुसऱ्यात टाकू नका, नंबर बघूनच घ्या.) मधल्या काळात, ऐंशीच्या दशकात, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं, मूळ प्यूजो ५०४ मोटारीतलं. ते इगतपुरीला बनू लागलं. इंजिन फ्रान्सचं, पण धुळ्याहून एका दिवसात जाऊन यावं एवढ्या अंतरावर कारखाना. अशा इंजिनाचा पार्ट सहसा अडत नाही.

आता उलटी बाजू. ऐंशीच्या दशकातच सरकारनं हलक्या मालगाड्यांसाठी जपानी कंपन्यांना दार उघडलं अन् चार जोड्या उतरल्या. दिल्लीजवळ सूरजपूरला डीसीएम-टोयोटा, झहीराबादला ऑल्विन-निस्सान, पंजाबात रोपडला स्वराज-माझदा, पीथमपूरला आयशर-मित्सुबिशी. गाड्या चांगल्या होत्या, यात वाद नाही. हलक्या चालायच्या, डिझेल कमी प्यायच्या. पण सुरुवातीला बरेच पार्ट जपानहून यायचे अन् पैसे येनमध्ये मोजायचे. सप्टेंबर १९८५ मध्ये डॉलरला सुमारे २४० येन पडत होते. १९८७ संपताना १२५ च्याही खाली आले. म्हणजे येन जवळजवळ दुप्पट महाग, वर आपला रुपयाही घसरत होता. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, टेल्कोनं ४०७ आणली, इथंच घडवलेली. १९८८ मध्ये त्यांची टाटामोबाईल २०६ आली. चार जपानी जोड्यांपैकी डीसीएम-टोयोटा पुढं देवूकडं गेली अन् देवूही बुडाली; ऑल्विनचा कारखाना महिंद्रकडं गेला. आयशर अन् स्वराज टिकल्या, कारण त्यांनी पार्ट इथं बनवायला घेतले. आज ४०७ चा पार्ट शिरपूरला भेटतो, चोपड्याला भेटतो. ऑल्विन-निस्सानचं काही हवं असेल तर भंगारवाल्याच्या आठवणीवर भिस्त.

तेव्हा गाडी घेताना लोक अ‍ॅव्हरेज विचारतात. मी तरी आधी बघतो, ही गाडी किती वर्षं एकाच मापात निघाली अन् तिचा डिफरन्शियल अजून कोणकोणत्या मॉडेलला बसला. माझं मत आहे, पटलं तर घ्या.

आता गावातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका पोराची जुनी पिकअप आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. सावदा, निंभोरा अन् रावेर भागात केळी वाहतो. दीड टनाच्या गाडीत किती भरतात तेही लिहीत नाही. ऐन कटाईत, नाल्याच्या चढावर मागून ‘कट्’ असा आवाज आला अन् गाडी जागेवर. घड कापून बांधाला लागलेले. केळी कापल्यावर थांबत नाही. ऊन लागलं, घासली, की व्यापारी बोर्ड भावातून कापतोच. शेवटी ट्रॉलीनं माल काढला. ट्रॉलीत केळी घासली अन् भाव कापला गेला. शेतकऱ्याचं नुकसान झालं, पोराचं भाडं गेलं अन् गाडीचा हप्ता डोक्यावर राहिला.

गाडी खोलली तर क्राऊनचे दोन दात गेलेले. जळगावला अजिंठा चौफुलीच्या आसपासची दुकानं झाली. ‘हे मॉडेल बंद झालं’ हे उत्तर तीन ठिकाणी. एकानं नुसता क्राऊन देऊ केला, पिनियन जुनंच ठेवा म्हणाला. इथं सावध राहा. क्राऊन अन् पिनियन कारखान्यात जोडीनं घासून जुळवतात, दोघांवर एकच जोडीनंबर असतो. वेगवेगळ्या जोडीतले बसवले तर पहिल्या दिवसापासून रडतात अन् थोड्याच दिवसांत पुन्हा दात जातात.

मग धुळं. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता अन् सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना कापतात, सोलापूरचा रस्ताही तिथंच येऊन मिळतो. उत्तरेला पळासनेरच्या पुढं बिजासन घाट. घाटात ब्रेक, क्लच अन् डिफरन्शियल यांची परीक्षा होते, अन् नापास गाड्या धुळ्याच्या आग्रा रोडवर येऊन उभ्या राहतात. पिढ्यान् पिढ्या हेच चालल्यानं तिथल्या फिटरांच्या डोक्यात जी यादी आहे ती कुठल्याच कॅटलॉगात नाही. आम्ही गेलो ते म्हातारे मिस्त्री आधी चहा सांगून मोकळे झाले. मग गाडीचं नाव न विचारता म्हणाले, “भाऊ, पहिले दात मोज.”

मोजले. क्राऊन ४१, पिनियन ८. भागाकार ५.१२५. ते म्हणाले, ४१-८ ची जोडी आठे भेटाव नही, पण ४३-८ ची आहे, याच हाऊसिंगची, दुसऱ्या मॉडेलमधून निघालेली. बसेल का? बसेल, कारण केस तोच, बेअरिंगचे नंबर तेच. ते नंबर त्यांनी पोराला स्वतः वाचून बघायला लावले. फरक काय पडेल? ५.१२५ भागिले ५.३७५ केलं तर ०.९५ येतं. म्हणजे त्याच आरपीएमला गाडी शेकडा पाचनं हळू पळणार, चढाला तेवढीच जास्त ओढणार अन् स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवणार. केळीच्या गाडीला हे चालतं, उलट बरंच आहे. मात्र चारही चाकांना जोर असलेल्या जीपला हे करायचं नाही. तिथं पुढच्या अन् मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण एकच लागतं, नाहीतर ट्रान्सफर केस तुटतो.

बसवणंही त्यांनी घाई न करता केलं. दाताला रंग लावून फिरवायचा, ठसा दाताच्या मध्यावर येतोय का बघायचं, नाही आला तर शिम काढायची किंवा घालायची, पुन्हा फिरवायचं. तीन वेळा खोललं. आपल्याकडं बरेच जण इथंच कंटाळतात, ‘बसली ना’ म्हणून झाकण लावतात अन् पुढच्या मोसमात पार्टला नाव ठेवतात. तेलाचंही तसंच. या दातांना घसरून चालायचं असतं, त्याला जीएल-५ दर्जाचंच गिअर तेल लागतं. डब्यावर वाचा, ‘नव्वद नंबर द्या’ एवढं सांगून भागत नाही.

जोडी धुळ्याला भेटली नसती तर पुढचा रस्ता ठरलेला होता : मालेगाव, इंदूर, कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर दिल्लीचं कश्मीरी गेट. आपली केळी आझादपूर मंडीला जाते अन् कश्मीरी गेट तिथून फार लांब नाही. ओळखीच्या ट्रकवाल्याजवळ जुना पार्ट अन् चिठ्ठी द्यायची, परतीला केबिनमध्ये नवा येतो. नुसत्या फोटोवर मागवू नका. फोटोत दात मोजता येतात, माप येत नाही.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्या आहेत. त्यांच्यात कॉमन रेल, सेन्सर, ईसीयू आलं. मिस्त्रीबाबांना विचारलं, यांचं वीस वर्षांनी कसं? ते म्हणाले, दात आहेत तोवर मी आहे, पुढचं पोराला विचार. त्यांचा पोरगा शेजारीच लॅपटॉप लावून बसला होता. तो म्हणाला, इंजेक्टर नवा टाकला तरी त्याचा कोड ईसीयूत भरावा लागतो, अन् ते सॉफ्टवेअर प्रत्येक कंपनीचं वेगळं.

ज्यांच्याकडं जुनी पिकअप, जीप किंवा ४०७ आहे त्यांनी एक करा. पुढच्या वेळी डिफरन्शियलचं तेल बदलायला गाडी खोलाल तेव्हा क्राऊन-पिनियनचे दात, बेअरिंगचे नंबर अन् हाऊसिंगवरचा ओतीव नंबर आरसी बुकाच्या पाकिटात लिहून ठेवा. कोणाकडं ४१-८ ची चांगली जोडी पडून असेल तर कळवा, आमच्या पोराला ती अजून हवी आहे.