काळोखासाठी उजेड

मूकपटांचे चित्रीकरण तेव्हा बहुधा उन्हातच होई. पण तानाजीची कोंढाण्यावरची लढाई तर रात्रीची! ह. ना. आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत ती रात्र शब्दांनी उभी केली होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना ती पडद्यावर दाखवायची होती. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम दिवे लावले. काळोख दिसावा म्हणून उजेड! तरुण व्ही. शांताराम त्यात म्हातारे शेलारमामा झाले. हरिभाऊ १९१९ मध्येच गेले. आपला तानाजी पडद्यावर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आपल्याही नाही, तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. कादंबरी मात्र आहे. नातवंडांना ती एकदा मोठ्याने वाचून दाखवा.