जंगल कार्बाइन : आखूड नळीची किंमत

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशासारख्या दाट जंगलांत लांब व जड ली-एन्फिल्ड रायफल सैनिकांना अडचणीची ठरत असे. त्यावर उपाय म्हणून ब्रिटनने १९४४ मध्ये आखूड नळीची ‘क्रमांक ५’ रायफल आणली. पुढे ‘जंगल कार्बाइन’ हेच तिचे नाव रूढ झाले.

वजन जवळजवळ १ किलोने घटले. मात्र काडतूस पूर्वीचेच,.३०३ चे राहिले. नळी आखूड झाल्याने तप्त वायू तोंडाशी येऊन भडकत. रात्री या ज्वाळेने खुद्द नेमबाजाचेच डोळे दिपण्याचा धोका होता. म्हणून नळीच्या तोंडाशी नरसाळ्याच्या आकाराचा ‘फ्लॅश हायडर’ खिळींनी पक्का बसवण्यात आला. नेमाची माशी आणि संगीन अडकवण्याची खुंटी त्याच भागावर होती. ज्वाळा नाहीशी होत नसे. ती नेमबाजाच्या नजरेआड होई. खांद्याला बसणारा जोरदार धक्का मात्र कायम राहिला. नेम स्थिर राहत नसल्याच्याही तक्रारी आल्या आणि १९४७ मध्ये उत्पादन थांबले.

युद्धानंतर अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी साध्या ली-एन्फिल्डच्या नळ्या कापून, त्यांवर तसेच नरसाळे बसवून विक्री केली. त्यामुळे केवळ नरसाळे पाहून अस्सलपणा ठरत नाही. वजन घटवण्यासाठी नळीच्या मागील भागातून व सांगाड्यातून कोरून काढलेले धातू ही मूळ कार्बाइनची खरी खूण होय.

भारतात बंदुकीची नळी विनापरवाना आखूड करण्यास शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ६ नुसार मनाई आहे.